भरतीचे हात

महाडच्या टॉकीजच्या दारावर मी तिकिटं फाडायचो, तेव्हा एक म्हातारा दर बाजाराच्या दिवशी पोलादपूरकडून एस.टी.नं यायचा. खांद्यावरचं घोंगडं घडी करून मांडीवर घ्यायचा, खताची जाहिरात बघायचा आणि सिनेमा सुरू झाला की उठून जायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

जाहिरातीत कडक इस्त्रीतला एक शेतकरी खताच्या गोणीवर थाप मारून हसायचा. असला शेतकरी आमच्या तालुक्यात तरी मी पाहिलेला नाही. त्याआधी क्षणभर भात लावणाऱ्या बाईचे नुसते हात दिसायचे, हिरव्या बांगड्यांचे. ते आले की म्हातारा पुढच्या खुर्चीला धरून अर्धवट उठायचा.

एकदा मी विचारलं, "बाबा, दर खेपेला तेच काय बघता?"

"माझी पोर हाय ती. शूटिंगवाले येऊन गेले नि त्याच लावणीत तिला पान लागलं." सापाचं नाव त्यानं घेतलं नाही. "घरात फोटू नाय तिचा."

पुढे कंपनीनं रीळ बदललं. नव्यात गोणी होती, हसणारा होता, हात नव्हते. म्हातारा दारात येऊन विचारू लागला. रीळ आणणारा मला जे म्हणाला होता, तेच मी सांगितलं, "ती दृश्यं भरतीची होती, बाबा. जाहिरात लांबवायला घातलेली."

"भरतीची?" तो म्हणाला. "माझी तर एकच होती."

मग तो परत आत गेला आणि पहिल्यांदाच सिनेमा संपेपर्यंत थांबला. पडदा पांढरा झाला, दिवे लागले, तरी तो पुढच्या खुर्चीला धरून अर्धवट उठलेलाच होता.