तिळगुळाच्या पुडीतलं पत्रक

तीळ भाजल्याचा वास आला की मला रायपूरच्या समता कॉलनीतलं आमचं जुनं घर आठवतं. त्या संक्रांतीला बाबांनी पत्रकं छापली होती: ‘मुलींचं कॉलेज रायपूरला हवं, दुर्गला नको!’ घाईत आईने त्याच कागदांत तिळगुळाच्या पुड्या बांधल्या. हळदीकुंकवाला दुर्गची आत्या आली आणि तिच्याही हातात तीच पुडी पडली.

"काहून रे दादा, गोड बोल म्हणून राहिला अन् आमच्यावरच पत्रक काढून राहिला?"

"आधी राजधानीत होऊ दे, मग तुमचं पाहू."

"तोवर माझी सुमी घरीच बसन काय? तिचे बाबा तिले एकटीले रेल्वेत नाही बसू देत."

मग बाबा पेन घेऊन प्रत्येक पत्रकावरचं ‘दुर्गला नको’ खोडून ‘दुर्गलाही’ लिहीत बसले. आपलं शहर हरलं, असं वाटून मी रागाने रडलो.

पुढे कॉलेज दोन्हीकडे झालं. सुमीताई आज दुर्गच्या कॉलेजात शिकवते. पत्रकं आता मी लिहितो आणि भांडतोही, पण दुर्गशी नाही. यंदाची मागणी आहे, दोन्ही शहरांमधल्या लोकलला मुलींसाठी जादा डबा. पहिली पुडी त्याच पत्रकात बांधून सुमीताईला देणार आहे.