अबोल गंगाधरची बडबड

गाडी विकायला काढली की एकदा सीटखाली हात घालून बघावं. नट, कंगवा, कुणाची केसाची पिन, बडीशेपेची पुडी, एका पायाची चप्पल, काय काय निघतं. मुद्दाम कुणी ठेवलेलं नसतं, तरी साचतं. किश्शांचंही तसंच. मी चौथीत शाळा सोडलेला ड्रायव्हर, मला लिहायची काही खाज नाही. पण ‘चौकार’ची पोरं माझ्या गाडीतून फिरली आणि दर वेळी उतरताना काहीतरी टाकून गेली. आता इतक्या वर्षांनी ती चौघं परत एकत्र आली, सगळ्या लातूर-नांदेडनं बघितली, आणि जो तो मला विचारून राहिला, "मामा, आतलं सांगा ना." तर घ्या. मधे मधे बोलू नका म्हणजे झालं.

ज्यांच्या घरी तेव्हा टीव्ही नव्हता त्यांच्यासाठी सांगतो. ‘चौकार’ म्हणजे टीव्हीवाल्यांनी जमवलेला चार पोरांचा बँड. लग्नातला बँड नव्हे. पिपाणी नाही, ढोल नाही. चौघांनी एकसारखी चमकी लावलेली जाकिटं घालायची, एकसारखे हात हलवायचे आणि गायचं. कुणी कुणाच्या ओळखीचा नाही. चॅनेलनं स्पर्धा घेतली, चार गावांतून चार पोरं उचलली आणि म्हणाले, हे जिगरी दोस्त. आमच्या गल्लीत भजनी मंडळ जमायला दोन पिढ्या गेल्या. ह्यांनी जाहिरात लागायच्या आधी जमवलं.

वर मुंबईहून आलेल्या मॅडमनं एकेकाला स्वभाव वाटून दिले. प्रसाद वाटावा तसे. लातूरचा रोहन म्हणजे ‘प्रेमळ’. भोकरचा बालाजी ‘डेंजर’. चाकूरचा समाधान ‘बाळ’. आणि धर्माबादचा गंगाधर ‘अबोल’. म्हणजे त्यानं स्टेजवर, मुलाखतीत, पब्लिकमध्ये तोंड उघडायचं नाही. मागं उभं राहून ओठ हलवायचे, बस.

आता खरं ऐका. डेंजर बालाजी लॉजमध्ये पाल दिसली की उशी घेऊन माझ्या गाडीत झोपायला यायचा. बाळ समाधान चौघांत वयानं थोरला. त्याला घरी तान्ही पोरगी होती, आणि बापाला टीव्हीवर सगळे ‘बाळ, बाळ’ करतात म्हणून त्याची बायको रिमोट लपवून ठेवायची. आणि अबोल गंगाधर? धर्माबादच्या मोंढ्यात मिरचीचा लिलाव पुकारणाऱ्याचा पोरगा तो! पाळण्यात रडलासुद्धा असेल तर ‘एक वार, दोन वार’ करूनच रडला असेल.

*

गंगाधरच्या वडिलांचं नाव पोशट्टीअण्णा. मोंढ्यात अण्णा पुकारू लागले की स्टेशनावरच्या माणसाला मिरचीचा भाव कळायचा, असा आवाज. मॅडमला त्यांच्या घरी मीच घेऊन गेलो. तिनं सगळं समजावून सांगितलं. अण्णा ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "पोरगं बोलणार न्हाई, तर टीव्हीवर करणार काय? निस्तं वजन देणार?"

"अण्णा, त्याची इमेज आहे ती."

"आमच्या सात पिढ्यांत मुकं कुणी निपजलं न्हाई, मॅडम. मोंढ्यात काय तोंड दाखवू मी?"

गंगाधरनं पाय धरले, आईनं पदर डोळ्याला लावला, तेव्हा कुठं अण्णा नरमले. मॅडमनं कागद काढले. अण्णांनी ते बाजूला सारले, खांद्यावरचा रुमाल काढून स्वतःच्या हातावर पसरला आणि म्हणाले, "हात आणा."

अण्णा मूळचे बैलबाजारात फिरलेले. तिथं जुनी माणसं तोंडानं भाव करत नाहीत. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती शंभर माणसं असली तरी सौदा कितीचा झाला हे त्या दोघांनाच ठाऊक. आणि रुमालाखालचं कधी बाहेर सांगायचं नाही. त्यात बेइमानी केली तर बाजारात उभं करत नाहीत.

अण्णा बोटं दाबून सांगून राहिले असतील की पोरगा एवढी वर्षं गप्प बसेल, पुढं एक दिवस नाही. मॅडमनं डोळे मिटले. बराच वेळ गंभीर चेहरा करून बसली. मग उजवा हात काढला, डावा रुमालाखाली घातला आणि म्हणाली, "अण्णा, हा पण बघता का? माझ्या परदेशाचं काही दिसतंय?"

*

पब्लिकमध्ये गप्प राहायचं म्हणून गंगाधरच्या पोटात जे साचायचं, ते सगळं माझ्या गाडीत निघायचं. नांदेड सोडलं की सुरू. रस्त्यात दिसेल ते पुकारायचा. "बघा, बघा, ऊस बघा! ट्रॅक्टर सोडून निस्ता ऊस! बोला मालक!" रोहन झोपलेला असला तर त्याचे बूट लिलावात काढायचा. धाब्यावर ताटात शेवटची भजी राहिली तर बाकीचे तिघं बोली लावेपर्यंत हाच पुकारत पुकारत खाऊन टाकायचा.

एकदा लोह्याच्या पुढं माझं डोकं फिरलं. गाडी थांबवली. म्हणालो, "उतर खाली. चालत ये. मला कान हायत का दगड?"

उतरला बिचारा. मी जरा पुढं नेऊन थांबलो. आरशात बघतो तर हा रस्त्याच्या कडेला एका मेंढपाळाजवळ उभा. मेंढपाळानं खांद्यावरची काठी खाली ठेवलेली, आणि गंगाधर त्याचीच मेंढरं त्यालाच विकून राहिलेला. गडी घासाघीस पण करत होता!

गाडीत परत घेतला. त्या दिवशी कळलं, ह्याला गप्प बसवणारा अजून जन्माला यायचाय.

*

लातूरला एका कापड दुकानाचं उद्घाटन होतं. फीत कापली, गाणं झालं. पोरी किंचाळून राहिलेल्या. एवढ्यात गर्दीतून एक म्हातारी आली, नऊवारी, हातात छोटी डबी. थेट स्टेजवर. तिनं गंगाधरच्या गालावरून हात फिरवला आणि मॅडमला म्हणाली, "एवढं देखणं लेकरू आन् वाचा न्हाई. कुणी वेखंड लावलं न्हाई का गं लहानपणी?"

मॅडमला काय वेखंड ठाऊक! लेकरू बोलायला उशीर करतंय असं वाटलं की आपल्याकडं मधात उगाळून जिभेवर लावतात, ते. तिला वाटलं, देवाचा प्रसाद असेल. म्हणाली, "लावा ना आजी, लावा."

म्हातारीनं डबीत बोट घातलं आणि गंगाधरच्या जिभेवर असं काही फासलं! वेखंडाची चव माहीत असेल तर बघा. तोंडात आग. पण नको म्हणायचं तर बोलावं लागतं. तो उभा, डोळ्यांतून धारा. समोर पब्लिकपण रडू लागलं. एक बाई म्हणाली, "बघा, किती भावनाप्रधान हाय."

गाडीत बसल्यावर तो बाटलीभर पाणी प्यायला. चाकूरपर्यंत हूं की चूं नाही. मी मनात म्हातारीला दंडवत घालून राहिलो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मामा, लागू पडलं बरं का. आता ऐका."

*

बँड मोडला तो नांदेडला. भांडण पैशाचं नव्हतं, पोरीचंही नव्हतं. स्टेजवर सगळ्यांच्या पुढं कोण उभं राहणार, एवढंच.

रोहन म्हणायचा, "मी प्रेमळ आहे, पोरी माझ्यासाठी येतात." बालाजी म्हणायचा, "पोरींचे भाऊ माझ्यासाठी येतेत." त्या दिवशी गाणं सुरू झालं आणि रोहन एक पाऊल पुढं सरकला. बालाजी त्याच्या पुढं. परत रोहन. गाता गाता, हात हलवत, हसत हसत दोघं पुढं पुढं. स्टेजला कुठंतरी कड असते हे दोघंही विसरले. धाडकन पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या मांडीवर!

पब्लिकला वाटलं, नवीन स्टेप आहे. ‘वन्स मोअर’ आला.

त्यानंतर दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलं नाही. रोहन लातूरला जिम चालवू लागला. बालाजीनं भोकरला मंगल कार्यालय काढलं. समाधान शाळेवर लागला, आता खरी बाळं सांभाळतो. गंगाधर धर्माबादला गेला. तिथं वेगळंच झालं होतं. अण्णांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, तो गेलाच. त्यांच्या जागी गंगाधर लिलाव पुकारू लागला.

*

आणि आता एवढ्या वर्षांनी चॅनेलचा फोन. चौघं एकाच स्टेजवर, लातूरच्या मैदानात, टीव्हीवर डायरेक्ट! खोटं कशाला बोलू, मी म्हातारा माणूस, पण गाडी दोनदा धुतली. नवे सीट कव्हर घातले. बायको म्हणाली, "वरात हाय का?"

धर्माबादला आमंत्रण द्यायला गेलो. अण्णा ओसरीवर बसलेले, वाळलेले, खांद्यावर तोच रुमाल. मी सगळं सांगितलं. त्यांनी टीव्हीकडं बोट केलं, मग पोराकडं, मग स्वतःच्या ओठांवर ठेवलं आणि नाही म्हणून हलवलं.

गंगाधर म्हणाला, "अण्णा म्हणतेत, मोंढ्यात बोलतोस ते ठीक हाय. पण ज्या पेटीनं तुला मुका केलं, त्या पेटीत एकदा बोल. माझा आवाज तर गेला. माझ्या घराचा आवाज लोकांना ऐकू दे. मग डोळे मिटले तरी चालतील."

"एवढं सगळं एका बोटात?" मी विचारलं.

"मामा, अण्णांचं बोट हाय ते."

पण मॅडम तीच होती, केस तेवढे पिकलेले. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, "गंगाधर, तू बोलायचं नाहीस हं. लोक अबोलला बघायला येणार आहेत." आणि त्याच्या हातात माईक दिला तो बिनतारेचा, बिनसेलचा. निस्ती दांडी.

तालमीला नेताना रोहन आणि बालाजी माझ्या गाडीत मागं एकाच सीटवर. अजून अबोला. रोहन म्हणाला, "मामा, त्याला सांगा, मांडी आवर." बालाजी म्हणाला, "मामा, त्याला सांगा, पोट आवर."

मी म्हणालो, "मी ड्रायव्हर हाय, पोस्टमन न्हाई. आन् दोघांची पण जाकिटं उसवून मागून पट्टी लावलीय, मला टेलरनं सांगितलंय. गप बसा."

*

कार्यक्रमाचा दिवस. मैदानात पाय ठेवायला जागा नाही. तेव्हाच्या पोरी आता आया झालेल्या, लेकरं कडेवर घेऊन किंचाळून राहिलेल्या. मी अण्णांना पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी मी. अण्णा नुसते गंगाधरकडं बघून राहिलेले. तो मागं, हातात मेलेला माईक.

संगीत सुरू झालं. आणि रोहननं एक पाऊल पुढं टाकलं.

मी कपाळावर हात मारला. बालाजी त्याच्या पुढं. परत रोहन. गाणं कुणीच म्हणेना. खालून मॅडम हातवारे करून करून बेजार. शेवटी दोघंही थांबले, समोरासमोर, गाणं तसंच वाजून राहिलेलं. संगीतवाल्यानं घाबरून ते बंद केलं. एवढं मोठं मैदान चिडीचूप.

गंगाधर मागून आला. हातातली दांडी समाधानकडं दिली, रोहनच्या हातून चालू माईक काढून घेतला आणि छाती भरून पुकारलं,

"बघा, बघा, बघा! ए लातूरकर! माल बघा! पुढची जागा! एक माणूस उभा राहील एवढी! हिच्यापायी दोन गडी बरबाद झाले, असा माल पुन्हा येणार न्हाई! बोला मालक, बोला!"

क्षणभर लोकांना कळेचना, हा कोण बोलला. मग जो कल्ला उठला! अबोल बोलला, अबोल बोलला! मागून एकानं ओरडून बोली लावली, "माझी म्हैस!" दुसरा म्हणाला, "म्हैस अन् रेडकू!" एक बाई उभी राहून म्हणाली, "माझा नवरा घ्या!" गंगाधर म्हणाला, "मावशी, वापरलेला माल घेत न्हाई!" मैदान लोळून राहिलं. रोहन हसू लागला, बालाजी हसू लागला, हसता हसता दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवले. मॅडम खुर्चीवर चढून टाळ्या वाजवून राहिलेली.

"म्हैस अन् रेडकू, एक वार! म्हैस अन् रेडकू, दोन वार!"

माझ्या शेजारचे अण्णा उभे राहिले.

बोलता तर येत नाही. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि पुढं केलेल्या हातावर पसरला.

गंगाधरचा आवाज थांबला. माईक स्टेजवर ठेवला, खाली उडी मारली, बापाच्या समोर आला आणि रुमालाखाली हात घातला. मी हातभर अंतरावर होतो. मला फक्त रुमाल हललेला दिसला. मधेच गंगाधरनं मान हलवली, नाही म्हणून. अण्णांनी परत दाबलं. त्यानं परत नाही म्हटलं. अण्णांनी दुसरा हात पोराच्या मनगटावर ठेवला आणि तिसऱ्यांदा दाबलं.

गंगाधर वर चढला. माईक उचलला.

"तीन वार. सौदा झाला. जागा धर्माबादला."

रोहन आणि बालाजी आपणहून मागं सरकले. गंगाधर पुढं उभा राहिला आणि गाणं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतलो. अण्णा माझ्या शेजारी, गंगाधर मागं. लातूर सोडल्यापासून त्याचं तोंड चालू. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, त्यानं रस्त्यातले दोन टोल आणि एक पाण्याची टाकी विकली. मला राहवेना. म्हणालो, "ते सगळं जाऊ दे. अण्णांनी काय बोली लावली ते सांग."

मागं शांत. वाटलं, ऐकू गेलं नाही. परत विचारलं आणि आरशात बघितलं. शेजारी अण्णा रुमालाची घडी घालून खांद्यावर ठेवून राहिले होते.

"मामा," गंगाधर म्हणाला, "पुढं बघून गाडी चालवा."

आणि नांदेड येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.