पिंपाचं कुलूप

लातूर नवीनच जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत माझी बदली झाली आणि बिलोलीकडच्या गावातून वडिलांना मी सोबत आणलं. दुष्काळ होता. नळ आठवड्यातून एकदा यायचा. ओसरीवरचं एक पिंप, तेवढ्यात सगळं भागवायचं.

वडिलांना विसर पडत चालला होता. ते दिवसभर पिंपाशी बसत आणि रस्त्यानं जाणाऱ्याला बोलावत. पाणी ओतून देत नसत, तांब्या त्याच्या हातात देऊन म्हणत, "तुमच्या हातानं बुडवून घ्या." परक्यांचे हात पाण्यात, आणि तिसऱ्या दिवशी पिंपाचा तळ. मी ओरडायचो. कचेरीत फायलींवर डोकं टेकून बसायचो. शेवटी पिंप कोठीत सरकवून कुलूप लावलं. वडिलांच्या उशाशी भरलेला माठ ठेवला आणि मला वाटलं, सुटलो.

दोन दिवसांनी कचेरीतून आलो, तर माठ तसाच भरलेला. वडील शेजारच्या मास्तरांच्या पायरीखाली उकिडवे बसलेले, ओंजळ पुढे केलेली. मास्तरीणबाई पेला पुढे धरून अवघडून उभ्या होत्या. वडील पेल्याला हात लावायला तयार नव्हते.

"वरून वता, माय."

गावच्या विहिरीला शिवायचं नाही, वरून कुणी ओंजळीत ओतेल तेवढंच पाणी, हे त्यांनी आमच्या लहानपणी कधी सांगितलं नव्हतं. मला ठाऊक होतं ते ऐकून, वाचून. त्या क्षणी त्यांच्या मनात त्यांचं वय किती असेल, आठ की दहा, हाच विचार मी करत राहिलो.

म्हटलं, "बा, घरात पाणी हाय की."

"त्याला कुलूप हाय."

कुलूप मी घातलं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. आजही ते सलतं.

त्याच दिवशी पिंप पुन्हा ओसरीवर आलं. ते तिसऱ्या दिवशीच संपायचं. मग बायको आणि मी घागरी घेऊन टँकरच्या रांगेत. कचेरीतून आलो की मी वडिलांशेजारी बसून विचारायचो, ती विहीर कुठं होती, पायऱ्या किती होत्या. कधी सांगत, कधी मलाच विचारत, "तुमी कोन गावचे?" ओरडणं कमी झालं ते या विचारपुशीनंच. पुढचं ऐकायची उत्सुकता असली की माणसावर चिडता येत नाही.

एकदा मीच तांब्या उचलून त्यांना पाणी द्यायला गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं, पिंपाकडे वळवलं.

"आधी तुमी घ्या," म्हणाले. "हातानं."