तक्रार नसलेल्या माणसाचा अंगठा

आमचे हे सुभेदार म्हणून निवृत्त झाले, हडपसरला आम्ही फ्लॅट घेतला, आणि तेव्हापासून यांचं सगळं औषधपाणी माजी सैनिकांच्या दवाखान्यात. पूर्वी तिथे रांग होती. पहाटे जायचं, रांगेत पिशवी ठेवायची आणि शेजारच्याच्या गुडघ्याची कहाणी ऐकत बसायचं. पण एक खमकी सिस्टर त्या रांगेवरून फिरायची. कोण लंगडतंय, कोणाचा चेहरा उतरलाय ते बघायची आणि दंडाला धरून सरळ आत न्यायची.

मग कोणा हुशार माणसाला वाटलं, देशासाठी लढलेल्यांनी रांगेत का म्हणून उभं राहावं? अ‍ॅप आलं. रांग गेली, सिस्टर संगणकापुढे बसली. सकाळी तारखा खुल्या होतात आणि मी चष्मा शोधेपर्यंत संपतात. मिळालीच तर आदल्या संध्याकाळी मेसेज येतो, आपली वेळ बदलण्यात आली आहे, आपली सेवा हा आमचा सन्मान आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला नव्या बुटाने जखम झाली. मधुमेह जुना, पाय बधिर. दुखत नाही म्हणून हे खूश. मला मात्र जखमेची कड काळपट दिसत होती. सर्जनची तारीख तीनदा मिळाली आणि तीनदा पुढे गेली.

"अहो, बाहेरच्या डॉक्टरला दाखवू या," मी म्हटलं.

"आपला हक्काचा दवाखाना असताना?"

"मग तारखेशिवाय जाऊन उभे राहा. इमर्जन्सी म्हणून सांगा."

"इमर्जन्सी म्हणजे काय कळतं का तुला? स्ट्रेचरवरून नेतात ती."

अशा माणसापुढे काय डोकं फोडणार!

मग एक मेसेज आला, आणि हा मात्र बदलला नाही. नव्या पद्धतीत सुधारणा करायला मोठे साहेब येणार होते, दवाखान्याच्याच वरच्या हॉलमध्ये, तेव्हा सर्वांनी आपल्या अडचणी सांगायला यावं. मी यांना ओढतच नेलं. जिन्यावर सगळे म्हातारे अ‍ॅपच्या नावाने बोटं मोडत होते. एकांना हृदयाचा डॉक्टर हवा होता, तर दातांच्या डॉक्टरची तारीख मिळाली होती. मला वाटलं, चला, आज साहेबांची धडगत नाही.

साहेब आले. सगळे ताडकन उभे राहिले, तो पाय घेऊन आमचे हेसुद्धा. साहेबांनी विचारलं, "कोई तकलीफ?"

पलटणीत साहेब जवानांना हा प्रश्न नेहमी विचारतात, आणि त्याला उत्तर एकच असतं.

"नहीं, साब!" हॉल दणाणला. सगळ्यांत मोठा आवाज आमच्या यांचा. मग जिन्यावरची ती सगळी तोंडं मिठाची गुळणी धरून बसली. गोळीला न घाबरणारी ही माणसं साहेबापुढे एवढंसं खरं बोलायला घाबरतात, याची मला शिसारी आली.

मी उठले. "साहेब, यांना बूट काढायला सांगा. तुमच्या अ‍ॅपने तीनदा तारीख पुढे ढकललीय."

"अगं, बस खाली!" हे ओरडले. माझ्यावर.

साहेब हसले. "क्यों, सूबेदार साहब?"

"मामूली खरोंच है, साब."

साहेबांना तरी दुसरं काय हवं होतं? अ‍ॅप यशस्वी झाल्याचं जाहीर झालं, टाळ्या झाल्या, चहा झाला.

पुढच्या आठवड्यात यांना हुडहुडी भरून ताप आला आणि जखमेला वास सुटला. त्याच दवाखान्यात स्ट्रेचरवरूनच न्यावं लागलं, तेव्हा कोणी तारीख विचारली नाही. अंगठा काढावा लागला.

पट्टी बदलताना सर्जन यांना म्हणाले, "आजोबा, आठवडाभर आधी आला असतात तर अंगठा वाचला असता. होतात कुठे?"

"इथेच," मी म्हटलं. "वरच्या मजल्यावर. टाळ्या वाजवत होतो."

सर्जनना काही कळलं नाही. हे छताकडे बघत हळूच म्हणाले, "ही सांगत होती, डॉक्टर. मीच हिला गप्प बसवलं."

लग्न झाल्यापासून यांच्या तोंडून अशी एक कबुली ऐकायची मला हौस होती. ऐकली आणि रडूच फुटलं. त्या पायाकडे मला बघवेना.