अंगावरचं, बाटलीतलं

सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी काजवालीने दिवसातला पहिला शर्ट मशीनखाली सरकवला आणि पायपट्टीवर असा पाय दिला की शेजारच्या कॉलरवालीने मान वर केली.

"मशीनने काय घोडं मारलंय तुझं?"

"मशीनने नाही."

"मग कुणी? सांग, दोघी मिळून बघून घेऊ."

काजवालीने पुन्हा पाय दाबला. मशीन खाली आलं, धाग्याने दोन्ही कडा बांधल्या, मधोमध पातं पडलं आणि काज तयार झालं. पुढचं. या कारखान्यात बायकांना त्यांच्या कामावरून हाक मारतात: कॉलरवाली, खिसेवाली, बाहीवाली. नऊ वर्षं शर्टांना काजं पाडणाऱ्या या बाईला नावाने ओळखणारं आता तिथे कुणी उरलेलं नाही. त्याला तिची हरकत नाही. हरकत घ्यावी अशा दुसऱ्या गोष्टी त्या सकाळी पुष्कळ होत्या.

पहिली गोष्ट घरी होती आणि पाच आठवड्यांची होती. मुलीचं नाव अजून ठरायचं होतं. कारखान्याच्या भोंग्यासारखी रडते म्हणून बाप तिला भोंगी म्हणाला आणि तेच चिकटलं. कंत्राटावरच्या बायकांना बाळंतपणाची रजा महिन्याची मिळते. ती संपली तशी काजवाली मशीनवर परत आली. बेत साधा होता. पहाटे, संध्याकाळी आणि रात्री अंगावर पाजायचं, दिवसा सासूबाईंनी बाटली द्यायची. बाटलीत शक्यतो तिचंच काढून ठेवलेलं दूध, कमी पडलं तर डब्याची पावडर. दवाखान्यातल्या सिस्टरांनीच हे बसवून दिलं होतं, आणि पहिले काही दिवस गाडी रुळावर होती.

मग भोंगीने आईचं दूध प्यायचं सोडलं. म्हणजे तोंडात घ्यायची, दोनदा ओढायची, आणि चटका बसल्यासारखी सोडून द्यायची. अंगाची कमान करायची, मुठी वळायची, लालबुंद व्हायची. बाटली पुढे केली की घटाघटा. बाटली घरात आली मदतीला, आणि कानामागून येऊन तिखट झाली.

घरात निकाल लागायला वेळ लागला नाही. "दूध आटलं तुझं," सासूबाई म्हणाल्या. "बाई कामाला लागली की आटतंच. माझंही आटलं होतं." नवरा बस डेपोत टायर बदलतो; घरातल्या प्रत्येक भांडणात तो एकच वाक्य बोलतो, तेही तो बोलला. "असू दे ना. पोट भरल्याशी कारण."

आणि तरी रोज सकाळी दहाच्या सुमाराला, मशीनसमोर बसल्या बसल्या तिची छाती दगडासारखी व्हायची आणि एप्रनवर दोन ओले डाग पसरायचे. आत घड्या घालून ठेवलेलं फडकंही पुरायचं नाही. आटलेलं दूध कपडे भिजवतं का, असं तिने घरी विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "ते शेवटचं असेल."

त्या "शेवटचं"ने तिच्या तळपायाची आग जी मस्तकाला गेली ती अजून तिथेच होती.

जेवणाच्या सुट्टीत तिने पंपाची पिशवी उचलली आणि दोऱ्यांच्या खोलीत गेली. दूध काढायला कारखान्याने दिलेली जागा ती हीच. तिन्ही भिंतींना छतापर्यंत दोऱ्याचे कोन, बसायला पालथा क्रेट, दाराला आतून कडी नाही. दाराला एक खोकं टेकवायचं आणि पाठ तिकडे करून बसायचं. छातीशी पंप धरून भिंतीकडे बघत बसलं की डोक्यात जे जे येतं ते सगळं वाईटच येतं. मुलगी आपल्याला ओळखत नाही. मुलीला आपण नकोय.

खोकं सरकल्याचा आवाज झाला.

"अजून किती वेळ?" मजल्यावर देखरेख करणाऱ्या मॅडम फटीतून विचारत होत्या. "मला पांढरा दोरा हवाय."

"मलाही पांढरंच काढायचंय, मॅडम. थांबा."

"रोजचं झालंय हे तुझं. अर्धी सुट्टी संपली तरी तू आत."

"सुट्टी माझीच आहे ना? तुमच्या चहाला मी कधी घड्याळ लावलंय?"

मग फटीतून नुसता हात आत आला, तळवा वर करून. काजवालीने त्यावर पांढऱ्या दोऱ्याचा कोन ठेवला. हात गेला. मग मॅडमनी फटीतून पाय घालून खोकं परत दाराशी ओढायचा प्रयत्न केला, ते काही जमलं नाही.

तिला फार काही नको होतं. दिवसभर मुलगी सासूबाईंची, हे तिने मान्य केलं होतं. पण पहाटे आणि संध्याकाळी जे अंगावर पाजणं होतं तेवढं तिचं होतं, आणि तेच हातचं चाललं होतं. म्हणून तिने आज पाचला सिस्टरांकडे जायचं ठरवलं होतं. सासूबाईही लगेच तयार झाल्या होत्या. "चल की. त्याच सांगतील, बाटलीवरच ठेवा म्हणून. मग ही रोजची रडारड तरी थांबेल."

दवाखान्यात ती पोचली तेव्हा सासूबाई बाकावर हजर होत्या. खांद्यावर भोंगी, मांडीवर पिशवी, चेहऱ्यावर खटला जिंकल्याचा भाव.

सिस्टर कमी बोलणाऱ्या. त्यांनी भोंगीला काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, "वजन छान वाढतंय," म्हणाल्या, आणि काजवालीला खुर्चीकडे बोट दाखवलं. "पाज. मला बघू दे."

भोंगीने सगळं करून दाखवलं. दोनदा ओढलं, सोडलं, कमान केली आणि भोंगा सुरू. तिच्या गालावर, मानेवर, आईच्या हातावर दूध उडालं होतं. सिस्टरांनी ते बघितलं.

"दूध भरपूर आहे. आटलं कोण म्हणालं?"

सासूबाईंनी छताच्या पंख्याकडे बघितलं.

"बाटली आणलीय? द्या."

पिशवीतून बाटली निघाली. सिस्टरांनी ती बेसिनवर उपडी धरली, न दाबता, नुसती. खरं तर एकेक थेंब टपकायला हवा होता. धार लागली. तोटी नीट बंद न झालेल्या नळाला लागते तशी.

"मी लहान भोकाचं निपल सांगितलं होतं."

"तेच आहे हे," काजवाली म्हणाली. "मीच आणलंय."

"मग बघ बरं."

तिने झाकण फिरवून निपल काढलं आणि उजेडाकडे धरलं. शर्ट पुढे देण्याआधी काज धरते तसं, सवयीनेच. भोक गोल होतं. फार सुबक गोल. आणि त्याच्या कडेला केसाएवढी तपकिरी किनार होती, हाताला किंचित टणक लागणारी. ती किनार तिच्या ओळखीची होती. कारखान्यात पूर्वी रेनकोट शिवले जायचे. घाम बाहेर जावा म्हणून रेनकोटच्या काखेत भोकं पाडायची, आणि त्यांची कड पुढे फाटू नये म्हणून ती तापवलेल्या टोच्याने पाडायची. ते काम एकच बाई बावीस वर्षं करत होती. तिला सगळे टोचेवाली म्हणायचे. निवृत्त होताना तिने लाकडी मुठीचा आपला टोचा मागून घेतला आणि घरी आणला. तो अजून स्वयंपाकघरातल्या खणात चमच्यांबरोबर असतो.

टोचेवाली पंख्याकडेच बघत होती.

सिस्टरांनी सांगितलं ते एवढंच: मुलगी तुझ्यावर रुसलेली नाही. अंगावर प्यायला तिला ओढावं लागतं, पान्हा फुटेपर्यंत जरा थांबावं लागतं. या बाटलीतून काही न करता तोंड भरतं. पाच आठवड्यांच्या जिवाला सोपं ते आवडणारच. नवीन लहान भोकाचं निपल घ्या. मुलीला जवळजवळ बसतं धरा, बाटली आडवी ठेवा, मधे मधे थांबा, तिला दम घेऊ द्या. ती भुकेने कळवळायच्या आत अंगावर घे, जबरदस्ती करू नकोस. काही दिवस लागतील. "होईलच असं मी लिहून देणार नाही. पण व्हायला हरकत नाही."

दाराबाहेर, हिरव्या बाकाशी, काजवाली थांबली.

"टोचा?"

सासूबाईंनी पिशवीची चेन लावली. उघडली. परत लावली.

"आई, मी काय विचारतेय? टोचा लावलात ना?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत. तिकीट नाही लावलेलं."

"अगं, पोर दमायचं," सासूबाई म्हणाल्या. "चार घोट घेतले की झोपायची. मग परत भूक, परत रडणं. पाऊण पाऊण तास बाटली धरून बसायचं, आणि माझं मनगट तुला माहीतच आहे. म्हटलं, जरा मोकळं करावं. एकदाच तापवला. अगदी हलक्या हाताने."

"हात हलकाच आहे तुमचा. दिसलं मला. रेनकोट असता तर शाबासकी दिली असती."

"मी काय वैरीण आहे का तिची?"

"ठसका लागत होता तिला! रोज! दूध तोंडातून बाहेर यायचं, तुम्ही पुसत होतात!"

"मला वाटलं अधाशी आहे. बापावर गेली असेल."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर ओरडली असतीस."

"मग आत्ता काय गाणं म्हणतेय?"

बाकावर बसलेल्या एका गृहस्थांनी वर्तमानपत्र जरा उंच धरलं.

काजवालीचा आवाज उतरला, राग नाही. तिला टोच्यापेक्षा जास्त जे लागलं होतं ते आता बाहेर आलं. "आणि वरून मलाच ऐकवलंत. आटलं. शेवटचं असेल. मी रोज त्या दोऱ्यांच्या खोलीत बसून स्वतःला शिव्या घालत होते, आई. चोर तुमच्या खणात होता आणि फाशी मला."

"मला काय ठाऊक, त्या भोकाचा नि आटण्याचा संबंध? मला खरंच वाटलं आटलं." सासूबाईंनी भोंगीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग तोंड दुसरीकडे करून म्हणाल्या, "माझ्या वेळी तरी कुणी बघितलं होतं? सासू म्हणाली आटलं. मी म्हटलं आटलं. दोन महिन्यांचा होता तुझा नवरा. त्याच्याही बाटलीचं भोक कुणी उजेडाला धरलं नव्हतं."

काजवालीने भोंगीला त्यांच्याकडून घेतलं, तेही काही फार मायेने नाही. आधी दुकानात जाऊन दोन निपलं घेतली आणि मग दोघी बसने घरी आल्या. शेजारी शेजारी बसल्या, आणि दोघींनी दोन बाजूंना बघितलं.

घरी नवरा दुपारच्या पाळीवर जायच्या ऐवजी सुट्टीवर होता, पलंगावर आडवा. सगळं ऐकून घेऊन त्याने तोंड उघडलं. "असू दे ना..."

"नको असू देऊ!" दोघी एकदम म्हणाल्या. दिवसभरात त्यांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट.

मग काजवालीचा राग हक्काच्या ठिकाणी वळला. "तुझी पाळी दुपारी दोनची. अकरापर्यंत तू घोरत असतोस, आणि शेजारच्या खोलीत तुझी आई दुखऱ्या मनगटाने बाटली धरून बसते. मनगट दुखतं म्हणून भोक मोठं झालं. तू उठला असतास तर टोचा खणातच राहिला असता."

"म्हणजे यात पण माझीच चूक?"

"तुझी पण."

त्याने आईकडे बघितलं. आई त्याच्या बाजूने बोलेल अशी त्याची अपेक्षा होती. ती म्हणाली, "बस इथे. उशी घे कोपराखाली. आणि बाटली आडवी. उभी नाही, आडवी! टायरला हवा भरायची नाहीये."

भोंगी अजून झोपेतच चुळबुळत होती, तेव्हाच काजवालीने तिला जवळ घेतलं. भोंगीने तोंडात घेतलं, ओढलं, सोडलं. रडली. काजवालीने तिला खांद्यावर टाकून खोलीत एक फेरी मारली, परत बसली. पुन्हा घेतलं. या वेळी जरा जास्त वेळ ओढलं, आणि घशातून गिळल्याचा आवाज आला. एकदा. थोड्या वेळाने आणखी एकदा. मग पुन्हा भोंगा. उरलेली भूक नव्या निपलच्या बाटलीने भागवली. ती बापाने दिली, घामाघूम होत, कारण आता दूध थेंबाथेंबाने येत होतं आणि मधे मधे थांबा असं दोन बायका दोन बाजूंनी सांगत होत्या.

याला जिंकणं म्हणत नाहीत. काजवालीनेही म्हटलं नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत ती सासूबाईंशी मोजकंच बोलली. मीठ हवं का, एवढंच. सासूबाईंनी टोचा खणातून काढला, फडक्यात गुंडाळला आणि न बोलता तिच्या पुढ्यात ठेवला. तिने तो उचलून डब्याच्या पिशवीत टाकला. "ठेवून घे" असंही कुणी म्हणालं नाही आणि "राहू दे" असंही.

उद्या सकाळी सव्वासहाला भोंगीला आधी अंगावर घेतलं जाईल, सातच्या बसमधून टोचा कारखान्यात जाईल आणि आठ पाचला काजाचं मशीन सुरू होईल. पावणेदहाला नवऱ्याच्या उशाशी गजर वाजणार आहे. दहाची बाटली त्याची आहे.