कपाट कुणी उघडले

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत दर खेपेला छापले जाते की, बहारीनच्या आमच्या कंपनीतल्या कामगारांना त्यांचे पासपोर्ट परत दिले ते एका इंग्रज साहेबाने, जो पुढे ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद झाला. हे असत्य आहे. ते पासपोर्ट ज्या कपाटात असत, त्याची किल्ली माझ्या खिशात असे. तेव्हा मला कुणी इतिहास शिकवू नये.

सत्तरचे दशक सरत आले होते. ईसा टाउनला आमचे बांधकाम चालू होते. साहेब पर्सोनेल मॅनेजर, मी त्याचा कारकून. माणूस विमानातून उतरला की त्याचा पासपोर्ट कपाटात जाई आणि रजेच्या फॉर्मवर पाच सह्या झाल्याशिवाय बाहेर येत नसे. एका गुरुवारी वसईच्या फोरमनला तार आली: आई अत्यवस्थ. चार सह्या मी स्वतः धावपळ करून मिळवल्या. पाचवी साहेबाची. शुक्रवारी सुट्टी, म्हणून आम्ही दोघे त्याच्या बंगल्यावर गेलो. तो आपली होडी धूत होता. "उद्या ऑफिसात या," एवढेच म्हणाला. हातातला पाण्याचा पाइपसुद्धा त्याने खाली ठेवला नाही.

किल्ली माझ्या खिशात होती. मी कपाट उघडले नाही. हेही मीच लिहून ठेवतो.

शनिवारी सही झाली, तोवर दुसरी तार येऊन पडली होती. रविवारी फोरमनने हत्यारे उचलली नाहीत, आणि त्याच्यामागे साइटवरचा एकही माणूस कामाला उभा राहिला नाही. मला समजूत घालायला पाठवले.

"भाऊ, आधी कपाट, मग काम," तो म्हणाला. "माझी आई तर गेली. ह्यांना तरी वेळेवर पोचू दे. आणि शुक्रवारी किल्ली तुझ्या खिशात वाजत होती, ती ऐकली मी."

तिसऱ्या दिवशी साहेबाने कपाट उघडायला सांगितले. आठवड्याभरात फोरमनला कामावरून काढून कायमचे भारतात पाठवले.

पासपोर्ट परत देत असल्याची सूचना मी टाइप केली. शेवटी एक वाक्य जोडले: 'साहेबांच्या उदार अंतःकरणामुळेच हे शक्य झाले.' कुणी सांगितले नव्हते. आम्ही कारकून कोणत्याही कागदाचा शेवट असाच करत असू. साहेबाने तो कागद जपून ठेवला, मायदेशी निवडणुकीच्या पत्रकावर छापला आणि निवडून आला.

ऐंशीच्या दशकात तो पाहुणा म्हणून परतला. स्वागताचे भाषण मंडळाने माझ्याकडे दिले. फोरमनचा उल्लेख होणार असेल तरच बोलेन, असे मी बजावले. चिटणीस हसला.

"काका, पुरावा तुमच्याच टाइपरायटरचा आहे. आता विषय खलास करा."

भाषण दुसऱ्याने वाचले. साहेबाने माझा हात धरून सभेला सांगितले, "ह्यांचे ड्राफ्टिंग फार सुंदर असे." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ते वाक्य मी आज मागे घेत आहे. त्यावर बेतलेला स्मरणिकेतला मजकूर खोडावा आणि तिथे लिहावे की, कपाट फोरमनने उघडायला लावले. खाली सही माझी असेल. उरलेल्या चार सह्यांसाठी मी आता कुणाच्या दारात जाणार नाही.