धीमे भाऊ आणि आत्याची सीडी

मोहाडीत गाण्यांची सीडी सर्वांत उशिरा मिळायची ती धीमे भाऊंकडे. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते कोणी वाचलं असेल असं वाटत नाही. समोरचा दुकानदार चहा होईस्तोवर सीडी हातात ठेवायचा. भाऊ मशीन सगळ्यांत हळू, चारच्या स्पीडवर लावत आणि सीडी तयार झाली की पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत बसत. गिऱ्हाईक चुळबुळलं की म्हणत, "घाई असन तं समोर जा. तो एका सीडीत दीडशे गाणे देते. मी पंधरा देतो, पन पुरे देतो."

सीडीला बोट लागलेलं त्यांना खपत नसे. तहसीलच्या एका साहेबांना त्यांनी भर दुकानात सुनावलं होतं, "साहेब, भजं नाई हाय ते, कडंनं धरा." आम्ही शिक्षक मंडळी त्यांची नक्कल करून हसायचो. त्यात मी सगळ्यांत पुढे.

माझी आत्या अड्याळची, मला मंदी म्हणायची. रोवणीची, भात लावतानाची गाणी म्हणावीत तर तिनेच. तिच्या शेवटच्या वर्षी एका अभ्यासक बाईंनी तिची गाणी रेकॉर्ड करून मला सीडी दिली. दोन-तीन गाणी ऐकून मी ती ठेवून दिली. आत्या गेल्यावर आठवण झाली. शाळेत कॉम्प्युटर शिकल्याची नवी हुशारी अंगात होती. सगळ्यांत लहान साइजच्या एमपीथ्री केल्या, गाणं जिथे थांबलेलं दिसलं तिथून पुढचं न ऐकताच कापलं आणि पेनड्राइव्ह घेऊन भाऊंकडे गेले.

भाऊंनी अर्धं गाणं ऐकून हेडफोन काढला.

"आवाज आत्याबाईचाच हाय, मॅडम. पन मागच्या बायांचा आवाज खरखर करून राहिला. काहून?"

"फाइल लहान केली ना. सीडीवर टाकली की होईल मोठी."

"पायलीतलं धान गिलासात वतलं, सांडलं ते सांडलं. मंग गिलास पायलीत रिकामा करून पायली भरते का? असली सीडी कुठी हाय?"

सांगायची लाज वाटली. धान निसवून लोंब्या आल्या की पाखरं येतात, म्हणून आमच्याकडे जुन्या सीड्या दोरीला बांधून शेतात लटकवतात. कॉपी झालीच आहे, म्हणून आत्याची सीडीही मीच यजमानांच्या हातात दिली होती.

भाऊ रागावले नाहीत. त्यांनी शटर ओढलं, सायकल काढली आणि म्हणाले, "चला."

आठवडाभर उन्हात फिरलेली ती सीडी त्यांनी रुमालात गुंडाळून आणली, साध्या पाण्यानं धुतली, मधून कडेकडे पुसली. दोन दिवस मशीन एकेक जागा पुन्हा पुन्हा वाचत होतं. अकरापैकी नऊ गाणी उतरली. उरलेल्या दोन ठिकाणी माझ्याच फाइली घालाव्या लागल्या. कव्हरवर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'हे दोन बारीक केलेले आहेत.'

"कशाला लिहिता, भाऊ? कोणाला कळतंय?"

"मंग आयकनाऱ्याले वाटन, आत्याबाई अशीच गात होती."

नेहमीप्रमाणे त्यांनी सीडी पूर्ण लावली. शेवटचं गाणं संपलं तशी मी उठले. भाऊंनी हातानेच बसायला सांगितलं. सीडीत आत्या खोकली. मग म्हणाली, "हे आमच्या मंदीले देजो, बाई. तिले गाता नाई येत, पन आयकते मन लावून."

मी दुकानातच रडले. भाऊ मशीनकडे बघत राहिले.

दोन वर्षांपूर्वी भाऊ गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. सीडी लावायचं यंत्र मी अजून सांभाळलंय आणि ती सीडी दर रोवणीला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकते. आत्या माझ्याबद्दल बोलली ते तेव्हा खरं नव्हतं. भाऊंनी मला ते खरं करायची सोय करून दिली.